"बाबा कोनाशीच बोलत नाई"

पोळा सरला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं की माझ्याकडे हे वाक्य घेऊन कोणी ना कोणी येतंच. घरचं मोठं माणूस गप झालंय. हे वयाचं, रुसव्याचं की डोक्याचं? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दर गुरुवारी समुपदेशक म्हणून बसते. गेल्या वर्षी पितरपाटात तिशीचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला, मागे बायको; तिघं एकाच मोटरसायकलवर. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

"मॅडम, बाबा कोनाशीच बोलत नाई. जेवाले बसवलं तं जेवतेत, नाई तं नाई. आई म्हन्ते रुसले. मले वाट्टे डोक्यावर परिनाम झाला."

काकाजी चौसष्ट वर्षांचे. टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीकडे पाहत बसले होते. सात एकर वावर, निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस.

इथं माझी चूक सांगायला हवी. आमच्या भागातला कास्तकार समोर बसला की आम्हा समुपदेशकांचं डोकं सरळ कर्जाकडे धावतं. बँकेचं किती, बाहेरचं किती, हेच मी विचारत राहिले. मुलगा म्हणाला, "पीककर्ज नवं-जुनं केलं मॅडम, तेचं काई टेन्शन नाई." मग मी नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा तक्ता काढला. झोप? "बरं हाये." भूक? "बरं हाये." मन लागतं का? "बरं हाये." बेरीज आली शून्य. पुढच्या गुरुवारी या, असं सांगून मी त्यांना उठवलंसुद्धा.

सून दारातून परत फिरली. "मॅडम, रात्री दोन-तीनले उठून कोठ्यात जातेत. लाइट लावत नाई. नुसते बसून रायतेत. पोरीच्या भुलाबाईत दरसाल खाऊ ओळखाले तेच पुढं, मुद्दाम चुकीचा सांगत. अवंदा ते खोलीतून भाईर आलेच नाई."

"कोठ्यात बैल आहेत?"

"होते. पोळ्याच्या आठव्या दिवशी इकले."

काकाजींना पुन्हा आत बोलावलं, एकट्यांना. तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "जोडीतला डाव्या अंगाचा कोणता होता?" हे मला सुचलं ते माझ्या माहेरी बैल होते म्हणून, कुठल्याही प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लाल्या. त्याले उजवीकडं जुंपलं तं तास सरळ निंगत नाई." मग पाऊण तास ते बोलत होते. अकरा वर्षांची जोडी. डवरणीच्या वेळी पऱ्हाटीच्या ओळीत कसा बेतानं पाय टाकायची. शेवटी आवाज अगदी खाली गेला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकली. लोनी-हळद लावली. उद्या जेवाले या म्हटलं त्यायले. तवा पोरानं इसार घेतला होता बाई. त्याले मालूम होतं, मले नाई."

मी सरळ विचारलं, "काकाजी, मरून जावं असं येतं का मनात?"

"आलं एक-दोनदा. पन सोयाबीन उभं हाये ना."

हा प्रश्न विचारायला घरचे घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. मात्र "तसलं काई मनात नाई ना?" असं विचारलं तर उत्तर "नाई" असंच येणार. आणि "सोयाबीन उभं हाये" हा धीर सवंगणी, म्हणजे कापणी, होईपर्यंतचाच, हे माझ्या लक्षात आलं. घरात उरलेली फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात गेली, किल्ली सुनेकडे. मुलाची खाट बाबांच्या खाटेशेजारी आली. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, हे मी मुलाला दोनदा सांगितलं, कारण बरेच जण आठव्या दिवशी "काई फरक नाई" म्हणून सोडून देतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

बैल गेल्याचं दुःख म्हणजे आजार नव्हे. दोन-चार दिवस घास गोड न लागणं साहजिकच आहे. पण दोन आठवड्यांच्या वर झोप मोडलेली, जेवणावरची वासना गेलेली, आवडीच्या गोष्टीतूनही अंग काढलेलं दिसलं, तर वयाला दोष देत बसू नये. मरणाची भाषा कानावर आली तर दोन आठवडे तरी कशाला थांबायचं.

मुलाशी वेगळं बोलले. तो काही वाईट नव्हता. ढेप महाग, कुटार पुरत नाही, डवरणीला छोटा ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, बाबांचे गुडघे गेलेले. हिशेबात कुठंच चूक नव्हती.

"त्यायले सांगतलं असतं तं नाई म्हटलं असतं."

"आणि नाही म्हटलं असतं तर तू विकले नसतेस?"

तो थोडा वेळ गप्प. "इकलेच असते."

"मग तेच तोंडावर सांगायचं होतं. भांडले असते तुझ्याशी. आता भांडण कोणाशी करायचं त्यांनी?"

बैल कुठं गेले हे शोधायला तो दलालाकडे गेला. जोडी पुढच्या बाजारात आणखी कोणाला तरी विकली गेली होती. पत्ता लागला नाही. बाबांना सांगू नका, असं त्याची आई म्हणाली. मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं. त्या रात्री काकाजी मुलाला खूप बोलले, अगदी आईमाईवरून. दुसऱ्या दिवशी मुलानं घाबरून मला फोन केला. मला मात्र तो फोन ऐकून हायसं वाटलं.

कोजागिरीनंतरच्या गुरुवारी दोघंच आले. सोयाबीन सवंगून, थ्रेशरमधून काढून झालं होतं. त्या हंगामाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि व्यापारी त्याहून बराच कमी भाव सांगत होते. माल थांबवायचा तर कट्टे (पोती) ठेवायला कोरडी जागा एकच, कोठा. मुलानं या वेळी आधी बाबांना विचारलं होतं. काकाजींनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

"काय म्हणालात मग?" मी विचारलं.

"ठेव म्हटलं कट्टे. डाव्या अंगाचा खुटा तेवढा उपटू नको."