वाचकांचे प्रश्न : ‘स्टॉपलॉस लावा’ म्हटले तरी कोणी ऐकत नाही

प्रश्न : सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी टेलिग्रामवरील एका गटात नवोदितांना शेअर बाजारातील ट्रेडिंग विनामूल्य शिकवतो. स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीला उतरताच विकून तोटा थांबवणारी ऑर्डर), एका व्यवहारात किती रक्कम पणाला लावावी, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारा व्यवहारांचा तपशील) कशी वाचावी, व्यवहारांची वही कशी ठेवावी, या सर्वांवर मी टिपणे लिहून ठेवली आहेत. ती कोणी उघडत नाही. सकाळचे सव्वानऊ वाजले की मात्र ‘सर, आज काय घ्यायचं?’ असे संदेश सुरू होतात. बहुतेकांना निफ्टी निर्देशांकाचे ऑप्शन (ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचे हक्क) हवे असतात. तोटा झाला की मलाच जाब विचारतात आणि ज्याला नफा होतो तो पुन्हा दिसत नाही. हे काम सोडून द्यावे काय?
— एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : सोडायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी विद्यार्थी आपले का ऐकत नाहीत, हे तपासायला हवे. आपल्या पत्राचा रोख त्यांच्या आळसाकडे आणि कृतघ्नपणाकडे आहे, आणि दोन्ही दोष त्यांच्यात असतीलही. परंतु मला याहून वजनदार कारण वेगळेच दिसते. आपण शिकवता तो नियम त्यांच्या भांडवलात बसत नाही.

हिशेब करून पाहा. एका व्यवहारात भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक गमावू नये, असे आपणही सांगत असाल. पन्नास हजार रुपये घेऊन आलेल्या मुलासाठी ही मर्यादा पाचशे रुपयांची होते. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा किमान संच, २०२५ मध्ये होता तसा ७५ चा धरला, तर प्रीमियम (ऑप्शनचा भाव) पावणेसात रुपयांनी उतरण्याआधीच ती ओलांडली जाते, आणि एवढा चढउतार एक्सपायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या, दिवशी काही मिनिटांत, बाजाराची दिशा न बदलताही होतो. म्हणजे त्याने आपले तंतोतंत ऐकले, तर स्टॉपलॉस दिवसातून तीन-चार वेळा उडणार, प्रत्येक वेळी ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअर बाजारातील व्यवहारांवरील कर) जाणार, आणि स्वतः बाहेर पडल्यावर भाव पुन्हा वर गेलेला त्याला दिसणार. स्टॉपलॉसमुळेच पैसे जातात, असा निष्कर्ष तो काढतो. निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्यामागचा अनुभव खोटा नाही. नंतर तो स्टॉपलॉस काढून टाकतो आणि एका दिवसात निम्मे खाते रिकामे करून आपल्या दारात येतो.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकांच्या डेरिव्हेटिव्ह (फ्युचर्स व ऑप्शन) कराराचे किमान मूल्य वाढवून पंधरा लाख रुपये केले आणि त्यापाठोपाठ निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ वर गेला. हा बाजार छोट्या खातेदाराचा नाही, हेच त्यातून सुचवले गेले होते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हे सेबीचाच अभ्यास सांगतो; सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले, हेही त्यात नोंदले आहे. नियम बदलल्यावरही २०२४-२५ मध्ये तोट्यातील लोकांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के राहिले. अशा ठिकाणी ‘शिस्तीने ऑप्शन खरेदी करा’ असे शिकवणे, माफ करा, पण अर्धवट शिकवणे आहे.

म्हणून आपला पहिला धडा ‘एवढ्या भांडवलात ऑप्शन नको’ हाच असावा, आणि त्यामुळे निम्मा गट निघून गेला तर जाऊ द्यावा. उरतील त्यांना कॅश सेगमेंटमध्ये डिलिव्हरीच्या, म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर खात्यात घेण्याच्या, व्यवहारावर हाच नियम चालवून दाखवा. चारशे रुपयांच्या शेअरला खरेदीभावाच्या दहा रुपये खाली स्टॉपलॉस ठेवला, तर पाचशे रुपयांच्या मर्यादेत पन्नास शेअर येतात, वीस हजार गुंततात आणि नियम पाळता येतो. एखाद्या सकाळी भाव स्टॉपलॉसच्याही खाली उघडू शकतो, हेही तेव्हाच सांगून ठेवावे. पाळता येण्याजोगा नियम मिळाला की माणसे बऱ्याच अंशी ऐकतात.

सव्वानऊच्या संदेशांचा बंदोबस्त सोपा आहे. साडेतीन वाजेपर्यंत गट बंद ठेवा. टेलिग्राममध्ये सदस्यांचे लिहिणे थांबवण्याची सोय आहे. संध्याकाळी प्रश्न विचारणाऱ्याने आधी त्या दिवसाच्या वहीचे पान टाकावे : कशासाठी घेतले, कुठे बाहेर पडायचे ठरवले होते, प्रत्यक्षात कुठे पडला. पान नसेल तर उत्तर नाही. ‘आज काय घ्यायचं’ विचारणाऱ्याला बहुधा माहिती नको असते, निर्णयाचे ओझे टाकायला खांदा हवा असतो. तो आपण दिला नाही, तर जाब विचारायलाही जागा उरत नाही.

यात कायद्याचीही बाजू आहे. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते, आणि मोबदला म्हणजे केवळ फी नव्हे. सल्ल्यापोटी मिळणारा कोणताही आर्थिक लाभ त्यात येतो. आपल्या लिंकवरून कोणी डीमॅट खाते उघडल्यास ब्रोकरकडून मिळणारे कमिशनही म्हणूनच घेऊ नये. २९ जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार, स्वतःला निव्वळ शिक्षक म्हणवणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील भाव वापरून कोणत्याही शेअरविषयी बोलू नये. हा नियम मूलतः नोंदणीकृत संस्थांशी संबंध ठेवणाऱ्यांसाठी आहे; तरी आपण तो आपणहून पाळावा. जुने चार्ट शिकवायला अधिक चांगले असतात, कारण त्यावर कोणाला सकाळी ऑर्डर टाकता येत नाही.

प्रश्न : आमच्या गटातले सर इतके जाणकार आहेत, तर थेट कोणता शेअर घ्यायचा ते का सांगत नाहीत? त्यांचे चार शब्द आमचा तोटा वाचवतील.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : समजा त्यांनी सांगितले आणि आपण घेतले. ते कधी बाहेर पडले हे आपल्याला कळणार नाही; त्यांचे भांडवल आपल्या दहापट असेल तर त्यांना पेलणारा तोटा आपल्याला पेलणार नाही; आणि कमी उलाढालीचा शेअर असेल तर गटाने एकदम खरेदी केल्यानेच भाव चढेल व शेवटी घेणारा अडकेल. ते सांगत नाहीत याबद्दल त्यांचे आभार माना. रोज कॉल (अमुक घ्या, अमुक विका असे संदेश) देणारे दुसरे ‘सर’ आपल्याला सहज भेटतील. त्यांच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का, एवढे सेबीच्या संकेतस्थळावर तपासून पाहा.

प्रश्न : मी मोफत शिकवतो, पण माझे नाव व छायाचित्र लावून कोणी दुसरा गट काढला आहे आणि ‘व्हीआयपी’ सदस्यत्वाचे पैसे घेत आहे. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या गटाचे स्क्रीनशॉट, त्याची लिंक आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर मागितले तो, हे सर्व आधी जपून ठेवावे, कारण तक्रार होताच गट पुसला जातो. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. टेलिग्रामवरूनही तो गट रिपोर्ट करावा. आपल्या खऱ्या गटात ‘मी कोणाकडूनही, कोणत्याही कारणासाठी पैसे मागत नाही’ ही ओळ सर्वांत वर पिन करून ठेवावी आणि नवीन सदस्याला ती पहिल्याच दिवशी दाखवावी.