गोल्फात टीम कशी असते? (परभणीच्या दादांच्या प्रश्नावर)

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोरगं 14 वर्षांचं, सुट्ट्यांत हैदराबादला मामाकडं राहून गोल्फ शिकलं, हँडिकॅप (खेळाच्या ताकदीप्रमाणं मिळणारी फटक्यांची सूट) 12 वर आलंय. मोबाइलवर त्यानं जाक लेग्लीझ ट्रॉफीचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून "मला हेच खेळायचंय" म्हणून मागं लागलंय. तुम्ही विचारताय की गोल्फ तर एकट्याचा खेळ, त्यात टीम कुठून आली? आपल्या लेकराला तिथं खेळता येईल का? आणि यात पैसा घालावा का?

मधलं आधी सांगून मोकळा होतो. तिथं नाही खेळता येणार. एका बाजूला ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची पोरं, दुसऱ्या बाजूला युरोप खंडातल्या बाकी देशांची. 1977 पासून ही ट्रॉफी अशीच चालते. 18 वर्षांखालची हौशी पोरं असतात, आणि बहुतेकांचे हँडिकॅप शून्याच्याही पलीकडं, प्लसमध्ये. म्हणजे आपण कोर्सकडून फटक्यांची सूट घेतो, ही पोरं कोर्सलाच सूट देतात.

पण त्या व्हिडिओत तुमच्या पोराला जे आवडलं ना, ते शिकण्यासारखं आहे. जरा सविस्तर लिहितो.

मी मूळ आष्टी तालुक्यातला. आई-बाप ऊसतोडीला जायचे. पंधराव्या वर्षी मी कारखान्यावर न जाता चुलत्याबरोबर पुण्याला आलो आणि एका गोल्फ क्लबात बॅग उचलायला लागलो. बावीस वर्षं कॅडी होतो, मग पोरांना शिकवलं, आता गावाकडं आहे. आम्हा कॅडींना खेळायला फक्त सोमवार. त्या दिवशी मेंबर नसायचे. बाकी दिवशी ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर) पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, हातात धरलेला दिसला तरी एक साहेब खेकसायचे. असो.

तर खेळ कसा चालतो बघा. दोन दिवस. रोज सकाळी चार फोरसम (दोघांच्या जोडीविरुद्ध दोघांची जोडी), दुपारी आठ सिंगल्स (एकाविरुद्ध एक). एका सामन्याला एक गुण, बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा अर्धा. दोन दिवसांचे मिळून 24 गुण. संघात पोरं नऊ आणि प्रत्येक सत्रात खेळणार आठ, त्यामुळं एक जण कायम बाहेर बसलेला. तो बाहेरचा पोरगा काय करतो ते व्हिडिओत नीट बघायला सांगा तुमच्या लेकराला.

सगळं मॅच प्ले. एकूण फटके कुणी मोजत नाही, होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून (टी) भोकापर्यंतचा एक टप्पा, जिंकायचा. तुम्हाला एका होलला नऊ लागले काय आणि पाच लागले काय, गेला तर एकच होल. कार्ड घेऊन स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळ्या फटक्यांच्या बेरजेचा खेळ, खेळणाऱ्या आपल्या पोरांना हे लवकर पचत नाही. एक होल बिघडला की ती पुढचे तीन होल मनातल्या मनात बेरीज करत बसतात. मॅच प्लेत बेरीज नसतेच. तीन होलची आघाडी आणि खेळायचे दोनच उरले, की सामना तिथंच संपला. त्याला "तीन आणि दोन" म्हणतात. उरलेले दोन होल कुणी खेळतही नाही.

समोरच्याचा छोटा पट (ग्रीनवर चेंडू भोकात ढकलायचा फटका) सोडून द्यायची मुभाही यातच आहे. आम्ही त्याला गिमी म्हणायचो. 1969 च्या रायडर कपात (अमेरिका आणि ब्रिटनच्या संघांची लढत) रॉयल बर्कडेल कोर्सवर शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसनं ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा असाच दोनेक फुटांचा पट सोडून दिला आणि सगळी लढत 16-16 अशी बरोबरीत सुटली. एकदा सोडला की शब्द मागं घेता येत नाही, आणि समोरच्याला "नको, मी मारतो" असंही म्हणता येत नाही.

आता फोरसम. माझ्या मते सगळी गंमत इथं आहे. दोघांत मिळून चेंडू एकच. आळीपाळीनं मारायचा. एक, तीन, पाच अशा विषम होलांवर टी शॉट, म्हणजे पहिला फटका, एकाचा, सम होलांवर दुसऱ्याचा. मधे दंडाचा फटका बसला तरी पाळी बदलत नाही. म्हणजे तू चेंडू हद्दीबाहेर घालवलास, तर पुन्हा टीवर उभं राहायचं तुझ्या जोडीदारानं. पाळी चुकवून मारलं तर होल गेला.

आपल्याकडं बीडमध्ये कोयता म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. परभणीतूनही लोक जातातच की. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर एक, हिशोब एक. एक जण तोडतो, दुसरा मोळी बांधतो. तोडणारानं ऊस वेडावाकडा टाकला तर मोळी बांधणाराची कंबर मोडते, पण फडात भांडत बसायला वेळ कुणाला असतो? गाडी भरायची असते. पहिल्यांदा फोरसममध्ये बॅग उचलली तेव्हा मला तेच आठवलं. म्हटलं, हा तर कोयताच की.

त्या दिवसातलं एक दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. दोन पोरं, दोघंही सोळाच्या आतली. एकानं ड्राइव्ह मारला तो थेट बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), भिंतीला चिकटून. पोरगं लगेच "सॉरी यार, सॉरी" करायला लागलं. दुसरा गप्प. बंकरात उतरला, पाय रोवले, चेंडू कसाबसा बाहेर काढला. पुढच्या होलला पुन्हा सॉरी, त्याच्या पुढच्यालाही. नवव्या होलपर्यंत दोघं फेअरवेच्या दोन कडांनी चालत होते आणि मी बॅग घेऊन मधे. ती जोडी हरली, आणि सिंगल्समध्ये दोघंही जिंकले. खेळ दोघांकडं होता, कोयता जमला नाही. नंतर शिकवायला लागलो तेव्हा माझा एकच नियम असायचा: फोरसममध्ये सॉरी म्हटलं की दहा बैठका. पोरं हसायची, पण तोंडाला कुलूप लागायचं.

यात डोकंही लागतं. कोर्सचे पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचे) होल सम आकड्यांवर जास्त असतील, तर आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्या) चांगले चालणाऱ्या पोराला सम टी द्यायची. मग पहिला पट बहुतेक जोडीदाराकडं येतो, म्हणजे तो पटिंगला पक्का हवा. चेंडू कोणता वापरायचा हेही आधी ठरवायचं. एकाला मऊ चेंडूची सवय, दुसऱ्याला कडक, आणि ग्रीनजवळ चिप मारताना तो फरक लगेच कळतो.

आता आपल्या पोरांची वाट. भारतात हौशी गोल्फ इंडियन गोल्फ युनियन बघते, 1955 पासूनची संस्था. वयोगटाप्रमाणं ज्युनियर स्पर्धा होतात, त्या बहुतेक एकट्याच्या आणि स्ट्रोक प्लेच्या. त्यात वर आला तरच पुढं देशाच्या टीमचा विचार होतो. जपानात टोयोटा ज्युनियर गोल्फ वर्ल्ड कप होतो. तिथं टीम चार पोरांची, रोज त्यातल्या तिघांचे चांगले स्कोअर धरायचे, आणि आशियातून पात्रता मिळवून जावं लागतं. भारताला टीम गोल्फ नवं नाही. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत गोल्फ पहिल्यांदा आला आणि लक्ष्मण सिंगनं वैयक्तिक सुवर्ण घेतलं, टीमलाही सुवर्ण मिळालं. पण ते सगळं फटक्यांच्या बेरजेचं. फोरसम आपल्या पोरांच्या वाट्याला फार कमी येतो, म्हणून तो घरीच शिकवावा असं माझं मत.

पैशाचं सरळ सांगतो. हँडिकॅप 12 असताना नवा सेट, परदेशी कॅम्प, यात पैसा घालू नका. बॅगेत 14 क्लब (काठ्या) चालतात म्हणून 14 पाहिजेतच असं नाही. चांगल्या अवस्थेतला जुना अर्धा सेट आणि एक पटर पुरे. 2022 पासून हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो, बक्षिसाला मात्र 700 पौंडांची मर्यादा आहे. पण प्रायोजक हँडिकॅप 12 कडं बघत नाही, तो विषय दोन वर्षं बाजूला ठेवा. खर्च करायचा तो प्रवासावर. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं हैदराबाद सोपं, मामा आहेच, गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातला कोर्स आहे. दर सुट्टीत आठ-दहा दिवस सलग खेळू द्या. गरीब घरातली पोरं यात वर येत नाहीत असंही समजू नका. अली शेर दिल्लीत कॅडी होता, 1991 ला इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला. गोल्फर एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर (हिरवळ राखणारे) होते, त्यानं ती स्पर्धा 2016 आणि 2017 अशी दोनदा घेतली.

आणि कुणी "मराठवाड्यातच कोर्स का होत नाही" म्हणाला तर त्याला 2016 ची मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवून द्या. हिरवळीचा हट्ट इथं नको. जुन्या काळी कोरड्या मुलखात ग्रीनऐवजी तेल मारून दाबलेल्या वाळूचे ब्राऊन करायचे, त्यावरही पट शिकता येतो. मी घरामागच्या पडीक रानात तसाच एक केलाय, जळकं ऑइल आणि चाळलेली वाळू. दिसायला भिकार आहे, पण चेंडू सरळ पळतो.

तिथं माझा पुतण्या आणि शेजारचा पोरगा एका चेंडूवर खेळतात. मागच्या आठवड्यात पुतण्यानं मारलेला चेंडू शेजारच्या ज्वारीच्या धसकटांत शिरला आणि काळ्या रानाच्या भेगेत जाऊन बसला. शेजारचा म्हणाला, "तूच घातलास, तूच काढ." मी बांधावर बसून होतो. म्हटलं, नियम काय आहे? बराच वेळ दोघं भेगेकडं बघत उभे. मग शेजारचा वाकला, एक फटका दंड मोजला, दोन क्लबांच्या आत चेंडू टाकला आणि मारला. चेंडू ब्राऊनच्या कडेला जाऊन थांबला. पुतण्या पटर घेऊन गपचूप पुढं झाला.

तुमच्या पोराला एखादा जोडीदार बघा आधी. शाळेतला असला, कधी क्लब हातात धरलेला नसला तरी चालेल. मे महिन्यात इकडं येणार असाल तर दोघांना घेऊन या, ब्राऊनवर नवी वाळू टाकून ठेवतो.