सही करा, पण त्या एका ओळीवर काट मारून

धायरीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सातवीत. मधल्या सुट्टीत त्याने वर्गातल्या एकाच्या डोक्यात पाण्याची स्टीलची बाटली मारली, दोन टाके पडले. शाळेने पालकांना बोलावून छापील हमीपत्र पुढे ठेवलं: 'आमचा पाल्य हिंसक मोबाईल गेम्सच्या आहारी गेल्यामुळे सदर प्रकार घडला.' सोमवारपर्यंत सही करून आणायचं. मुलगा बीजीएमआय (मोबाईलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम) खेळतो हे खरं आहे. तर हे गेममुळे झालं का, आणि सही करावी का?

ताई, जवळजवळ याच शब्दांतला कागद एका शाळेने आमच्याही पुढे सरकवला होता, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. शाळेचं नाव घेत नाही. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या बेताने घ्या. स्क्रीन टाइम कमी करा, मैदानावर पाठवा, मुलाशी बोला, हे तुम्हाला एव्हाना सगळ्यांनी सांगून झालं असेल. ते सोडतो. (मैदानाचं म्हणाल, तर ज्या सोसायट्यांत 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' अशा पाट्या लागल्यात, तिथल्याच कमिट्या 'हल्लीची मुलं मोबाईलमध्ये' म्हणून सुस्कारे टाकतात. असो.)

आधी सहीचं. माफी मागायला ना नाही. टाके पडलेत, त्या मुलाच्या आईवडिलांना भेटा, औषधपाण्याचा खर्च द्या, मुलालाही सोबत न्या. पण 'आहारी गेल्यामुळे' या शब्दांखाली सही करू नका. व्यसन हे निदान आहे आणि ते मानसोपचारतज्ज्ञाने करायचं असतं, शाळेच्या ऑफिसने टायपिंग करून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागूही झालंय. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणं. तेही साधारण बारा महिने. मारामारी हा त्यातला निकष नाहीच.

खरं नुकसान वेगळंच आहे. कारण एकदा कागदावर आलं की चौकशी तिथेच संपते. तो दुसरा मुलगा जूनपासून काय करत होता, शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर कोण बसतं, मधल्या सुट्टीत वर्गात मोठं माणूस का नव्हतं, हे विचारायची शाळेला मग गरजच उरत नाही. आणि पुढे वर्गात काहीही झालं की आधी तुमच्या मुलाची फाईल निघते. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. त्या ऑफिसात 'चौकशीचा अहवाल मिळेल का' असं विचारल्यावर 'कारण तुम्हीच लिहून दिलंय ना' हे उत्तर मिळालं होतं.

तर काय करायचं. छापील कागदावर ती ओळ पेनाने कापा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घाला, किंवा स्वतःचं पत्र द्या. मजकूर साधा ठेवा: 'दि. अमुक रोजी घडलेल्या प्रकाराबद्दल पालक म्हणून आम्हाला खेद आहे. उपचारांचा खर्च आम्ही देत आहोत. दोन्ही मुलांशी स्वतंत्रपणे बोलून कारणांची चौकशी व्हावी व तिचा लेखी निष्कर्ष आम्हाला मिळावा. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं.' शेवटचं वाक्य गाळू नका. बऱ्याच ठिकाणी जुन्या चित्रीकरणावर काही दिवसांत नवं चढतं, आणि मग 'फुटेज नाही हो' एवढंच ऐकायला मिळतं. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. 'आम्ही पोच देत नाही' म्हणाले तर तिथे वाद घालू नका. तेच पत्र शाळेच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा.

'नाहीतर मुलाला काढून टाकू' हे बोललं जाईल. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६ आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही, कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा तिला लागू नाही, तेवढं आधी तपासा. शाळांना कलम १६ चांगलं ठाऊक असतं, म्हणून त्या काढून टाकत नाहीत. 'तुम्हीच दाखल्याचा अर्ज द्या, मुलाच्या भल्यासाठी' असं गोड आवाजात सांगतात. तुमच्या हाताने अर्ज गेला की कलम १६ चा उपयोग संपला.

पोलिसांचं नाव काढलं तरी घाबरू नका. सात वर्षांखालच्या मुलावर गुन्हा होत नाही. सात ते बारामध्ये मुलाची समज बघितली जाते. बारा पूर्ण झाली असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाच्या अखत्यारीत येतं, पण बाल न्यायाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कोणी सज्ञान नसेल तर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बनवतो. त्या अहवालात आधीच सही झालेलं कारण चिकटायला वेळ लागत नाही. म्हणूनही ती ओळ नको.

आता मूळ प्रश्न, गेममुळे झालं का. माझं मत स्पष्ट आहे: बाटलीचं खापर गेमवर फोडता येत नाही. पण 'गेमचा काहीच संबंध नसतो' म्हणणारेही अर्धवट वाचून बोलतात. प्रयोगशाळेत आक्रमकता मोजतात कशी ते बघा. गेम खेळून झाला की न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा आणि किती वेळ कर्कश आवाज सोडायचा हे बटणाने ठरवायचं. किंवा ज्याला तिखट सोसत नाही असं सांगितलंय त्याच्यासाठी वाटीत तिखट सॉस ओतायचा, मग वाटीचं वजन करायचं. (एखादा कोल्हापूरकर पहिल्याच फेरीत गुन्हेगार ठरेल.) अशा मोजमापांत हिंसक गेमचा छोटा परिणाम दिसतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये हिंसक गेमबद्दलचा आपला ठराव पुन्हा तपासून हेच म्हटलं: ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी लहानसा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे, समाजातल्या हिंसेचं कारण म्हणून गेमकडे बोट दाखवायला पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची १,००४ मुलं घेतली. गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता त्याच्या अधिकृत वयोगट-श्रेणीवरून ठरवलं, आणि आक्रमकपणाबद्दल पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही.

तुमच्या घरासाठी त्याहून कामाचा एक अभ्यास २०१४ चा आहे. टेट्रिस, म्हणजे विटा रचायचा खेळ, रक्ताचा थेंबही नाही. त्यात मुद्दाम नको असलेलेच तुकडे येतील अशी व्यवस्था केली, तर खेळणारे चिडले. राग येतो तो बंदुकीच्या चित्राने कमी आणि 'मला जमत होतं, जमू दिलं नाही' याने जास्त. घरातली आदळआपट नेमकी कधी होते ते आठवडाभर टिपून ठेवा, तुम्हालाच दिसेल.

इथे कोणीतरी कोयता गँग काढणार, म्हणून तेही. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या बातम्या येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी 'गेम आणि रील्स' हे उत्तर तयार होतं. बीजीएमआयमध्ये मोठा सुरा आहे, विळाही आहे. पण तो घेऊन धावणारा खेळाडू दहा पावलांत गोळी खाऊन पडतो. तिथून कोणी कोयता शिकत नाही. 'भाई'च्या स्टेटसचं, गल्लीतल्या वैराचं, सुटलेल्या शाळेचं काय करायचं हे अवघड प्रश्न आहेत, त्यांना बगल द्यायला गेम सोयीचा पडतो. हमीपत्राचंही तेच आहे.

पण ताई, गेम भांडणात असूही शकतो, वेगळ्या वाटेने. सातवी-आठवीत भांडणं होतात ती उधार यूसीच्या (गेममधल्या चलनाच्या) पैशांवरून, दुसऱ्याचा आयडी वापरायला घेऊन पासवर्ड बदलण्यावरून, स्क्वॉडमधून, म्हणजे खेळातल्या चौघांच्या गटातून, काढून टाकण्यावरून. मुलाला 'का मारलंस' विचारू नका, त्याचं उत्तर 'असंच' येतं. तुझा आयडी कुणाकुणाकडे आहे, कुणाचे पैसे द्यायचेत, व्हॅनमध्ये तुझी जागा कुठली आणि ती कधी बदलली, हे विचारा. व्हॅनकाकांनाही एकटं गाठून विचारा. शिक्षकांना दिसत नाही ते त्यांना आरशात दिसतं.

गेम बंद करू का? एका फटक्यात नको. हातातून फोन हिसकावणं ही सगळ्यात वाईट वेळ, घरात हात उगारला जातो तो बहुधा त्याच क्षणी. क्लासिक सामना शेवटपर्यंत टिकलात तर अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. गेममधलं खेळायच्या जागेचं वर्तुळ आवळत आलंय, तिघं सोबती वाट बघतायत, आणि 'आत्ताच्या आत्ता ठेव' म्हटलं तर रँकही जाते आणि उद्या वर्गात शिव्याही बसतात. म्हणून नियम बंद करण्याच्या वेळेचा करू नका, सुरू करण्याच्या वेळेचा करा. साडेआठला जेवायचं तर आठनंतर नवा सामना सुरू करायचा नाही. शाळेच्या दिवसांत फक्त टीडीएम (दोन संघांची छोटी लढत), चाळीस किल किंवा दहा मिनिटांत तो संपतो.

स्पीकर-माइक बंद किंवा फक्त ओळखीचे चौघे. अनोळखी 'रँडम' सोबत्यांची भाषा गेममधल्या रक्तापेक्षा वाईट असते, आणि पोरं उचलतात तीच. खात्यावरचं वय तपासा. २०२१ मध्ये गेम आला तेव्हापासून १८ खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण खातं बाबांच्या वयावर काढलेलं असेल तर ती लागत नाही. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही. आणि हसू नका, पण राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क असेल तर फोन त्यावर जोडा. पिंग (नेट किती मिलिसेकंद मागे पडतंय तो आकडा) दोनशेवर गेला की गोळी लागत नाही, लागली तर उशिरा, आणि मग उशी भिंतीवर. चार्जिंगला लावून खेळलं की फोन तापतो आणि तेच होतं.

पैशांचं: प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा, साठवलेलं कार्ड काढून टाका, यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा. यूपीआय लाइटला पिन लागत नाही, मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते नकोच. रिडीम कोड रोख पैशांत मिळतात, ते तुमच्या खात्यात दिसणारच नाहीत, तेव्हा खाऊच्या पैशांचा हिशेब बघा.

झोप उडालीय, गेम नसतानाही धाकट्यांना किंवा प्राण्यांना दुखावतोय, दप्तरात काही धारदार ठेवतोय, किंवा जिवाचं बरंवाईट बोलतोय, यातलं काहीही असेल तर सोमवारची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मोफत बोलता येतं, मराठीतही. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा. 'गेम डीअ‍ॅडिक्शन'चं पॅकेज पहिल्याच भेटीत, मुलाशी न बोलता विकणाऱ्या ठिकाणांपासून लांब राहा. चांगला समुपदेशक गेमचं नाव विचारायच्या आधी झोप, शाळा आणि मित्र विचारतो.

हमीपत्राचा पूर्ण मजकूर मुलाचं आणि शाळेचं नाव झाकून इथे टाकलात, तर आणखी कुठली ओळ कापायची ते रविवारपर्यंत सांगतो.