साधं राहायचंय, पण चिक्कूपणा नको

प्रश्न : आम्ही नाशिकला असतो. दोघांचे मिळून 90 हजार येतात. ठरवून कमी खर्चात राहायचं म्हणून भाजीत घासाघीस सुरू केली, पण महिनाअखेरीस फरक दिसत नाही.

दिसणार कसा? कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये सोडवून महिन्याला फार तर दोनशे वाचले असतील, आणि भाजीवाली तुम्हाला बघून तोंड फिरवायला लागली असेल. पैसा जातो तो घर, गाडी आणि हप्त्यांत. 8 लाखांचं गाडीचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 16,600 बसतो. नुसतं व्याजच 2 लाखांच्या घरात जातं. विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग वेगळं. गाडी फक्त रविवारी बाहेर निघत असेल, तर रिक्षाने फिरा, अगदी ऐटीत. आणि तीन महिने खर्च लिहा. वहीतच लिहा. तिसऱ्यांदा 'बाहेरून मागवलं, 640' असं लिहिताना पेन अडखळतं, मोबाइलवर तसं होत नाही.

प्रश्न : धुणंभांडी करणाऱ्या ताईंना दिवाळीला एक पगार जास्त देतो. यंदा बंद केला तर ती काटकसर की कंजूषपणा?

कंजूषपणा. साधेपणा तुम्ही निवडलाय, ताईंनी नाही. आपल्या ताटातलं कमी करावं, दुसऱ्याच्या नाही.

प्रश्न : विजेचं बिल कमी करायला संध्याकाळी दिवे बंद करून बसतो. घरचे वैतागलेत.

वैतागतीलच! एलईडी दिवा 9 वॅटचा, पाच तास जाळला तरी युनिटचा विसावा हिस्साही लागत नाही. 2 किलोवॅटचा गीझर मात्र अर्ध्या तासात अख्खं युनिट खातो. आंघोळी पाठोपाठ उरका आणि बटण आठवणीने बंद करा. जुना पंखा साधारण 75 वॅटचा असतो. रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिटं. कमी वीज खाणाऱ्या नव्या धर्तीच्या मोटरच्या, म्हणजे बीएलडीसी पंख्याला 30 वॅट धरले, तरी 11च्या आत भागतं. पण चालू पंखे काढून सगळे एकदम बदलू नका. बिघडेल तो बदला.

प्रश्न : कोणी आजारी पडत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता वाचवू का?

नको. एकदा पॉलिसी सुटली की नवी घेताना आधीच्या आजारांची प्रतीक्षा मुदत, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तोवर वयही वाढलेलं असतं. मी स्वतः स्वस्तातल्या चपला घेऊन वर्षात तीन जोड झिजवलेत. तो मूर्खपणा चपलांपुरता परवडला.

प्रश्न : आईच्या जुन्या साड्या बोहारणीला द्यायला जीव होत नाही. कपाट मात्र भरलंय.

गोधड्या करा. त्यासाठी सुती साड्याच निवडा, त्याही धुऊन धुऊन मऊ झालेल्या. सिंथेटिक कापड टाके घालताना सरकतं आणि थंडीत ऊबही देत नाही. चार-पाच थर पुरतात. त्याहून जास्त घातले की धुताना गोधडी उचलवत नाही. धावदोरा स्वतः घालायचा नसेल, तर शिवणाऱ्या बाईंना मजुरी त्या सांगतील तेवढी द्या, पूर्ण गोधडी हाताने भरायला कित्येक दिवस जातात. कडा सगळ्यांत आधी विरतात, तिथे साड्यांचेच काठ दुहेरी लावून घ्या.