झोप वाढवणार कशाने?

अनेक आशीर्वाद.

जास्त झोपेने प्राण्याच्या मेंदूतली आणि रक्तातली रसायनं कशी बदलतात, यावर काम करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र प्रयोग आखण्याआधीच ठरव: झोप वाढवणार कशाने? औषधाने, उबेने की जागरणानंतरच्या भरपाईने? तासांचा आकडा तिन्हींत सारखा येईल, रसायन सारखं येणार नाही.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे झोपेची ओढ लावणारं रसायन साचतं आणि झोपेत हळूहळू उतरतं. मांजरांच्या अग्रमेंदूच्या तळाशी हे १९९७ साली मोजलं गेलं. पण उंदराला जागं ठेवायचं तर सतत डिवचावं लागतं, मग कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं संप्रेरक चढतं. नंतर दिसणारा बदल झोपेचा की ताण उतरल्याचा, हे कळायला आणखी एक गट हवा: तेवढीच हाताळणी, पण अंधाराच्या वेळी, जेव्हा उंदीर एरवीही जागाच असतो.

उबेचा मार्ग सोपा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. उंदराला ३० अंश सेल्सिअसच्या आसपास बरं वाटतं. २२ अंशांच्या खोलीत त्याची बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच जाते. तापमान वाढवलं की झोप वाढते आणि खाणंही घटतं. मग रक्तातल्या साखरेच्या बदलाचं श्रेय झोपेला कसं देणार?

फळमाशीत गॅबोक्सॅडॉल या औषधाने झोप वाढते. पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप, असं तिथे धरतात. पण नुसती निपचित माशी झोपलेली समजू नकोस. नळीला टिचकी मारून बघ: झोपलेली माशी जरा जोरात मारल्यावर उठते, गुंगीतली उठत नाही. शिवाय औषधाविना, दुसऱ्या मार्गाने झोप वाढवूनही तोच परिणाम आला, तरच तो झोपेचा मान.

नमुना घेताना सर्वांत जास्त काळजी घे. पिंजऱ्याला हात लागला की घड्याळ सुरू कर आणि रक्त तीन मिनिटांच्या आत काढ; त्यानंतरचं कॉर्टिकोस्टेरोन तुझ्या हाताळणीचं असतं. मेंदूत तर सेकंदांचा हिशेब आहे. गोठवायला थोडा उशीर झाला तरी एटीपी, म्हणजे पेशींचं ऊर्जेचं चलन, घसरतं आणि लॅक्टेट, म्हणजे साखर मोडून बनणारं आम्ल, चढतं. जागेपणीही लॅक्टेट चढलेलंच असतं, त्यामुळे संथ हाताने झोपलेल्या प्राण्याचा मेंदू जागा दिसू लागतो! सगळ्या गटांचे नमुने दिव्याच्या चक्रातल्या एकाच वेळी घे. दिवे मालवायच्या सुमारास उंदराचं कॉर्टिकोस्टेरोन आपोआपच शिगेला पोचतं. दोन तासांचा फरकही निकाल उलटवू शकतो.

मेंदूच्या सफाईबद्दल ठाम वाक्य लिहिण्याआधी दोन्ही बाजू वाच. २०१३ मध्ये उंदरांत झोपेवेळी दोन पेशींच्या मधली मोकळी जागा साधारण १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जाते आणि कचरा लवकर निघतो, असं दिसलं. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उलट आढळलं: झोपेत सफाई मंदावते. दोघांनी मोजायची पद्धत वेगवेगळी वापरली, म्हणून निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाच.

आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद, लावल्याशिवाय सुरुवात करू नकोस. शस्त्रक्रियेनंतर निदान आठवडाभर थांब, मग २४ तासांची मूळ नोंद घे. वाढलेल्या झोपेत अर्धा ते चार हर्ट्झच्या डेल्टा लहरींची, म्हणजे गाढ झोपेतल्या संथ लहरींची, ताकद किती, ते तासागणिक मांड. तास वाढले आणि डेल्टा उतरला, तर तुझ्याकडे जास्त झोप आहे, पण ती उथळ आहे, आणि रसायनांचा अर्थ त्या हिशेबानेच लावावा लागेल. पहिली नोंद हाती आली की आलेख पाठव.