पपी मिलमधली भाकड मादी पैसे देऊन सोडवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जाहिरात बघून कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलात. पिल्लू दारातच हातात ठेवलं गेलं. 'आई कुठे आहे?' म्हणून हट्ट धरलात तेव्हा मागची शेड दिसली, म्हणजे पपी मिल, माद्या पिंजऱ्यांत ठेवून विकायला पिल्लं काढण्याचा कारखाना, आणि आता पिल्लू राहिलं बाजूला, ती आईच डोळ्यांसमोरून हलत नाही. मालक म्हणतो, 'ही आता व्यायची नाही, थोडेफार द्या आणि घेऊन जा.' दिले तर पैसे त्याच धंद्यात गेले, न द्यावेत तर तिचं काय? आणि शेवटी दबकत विचारलंय, रात्री जाऊन उचलून आणली तर?

मी हे एकदा केलंय. उचलून नाही, पैसे देऊन. म्हणून उत्तर जरा लांबेल.

माझं मत आधी सांगून टाकते. पैसे देऊ नका. फुकट देत असेल तर घ्या, तसं त्याच्याकडून लिहून घ्या, आणि तक्रार तरीही करा. पण मी स्वतः याच्या उलट वागले होते, तेव्हा मला उपदेशाचा सूर लावायचा अधिकार नाही.

मी आणलेली मादी सात-आठ वर्षांची असावी, असं व्हेटनं दातांवरून सांगितलं, म्हणजे जे काही उरले होते त्यांवरून. पायाची बोटं फाकलेली होती. तारेच्या जाळीवर आयुष्य गेलं की ती तशी फाकतात. जाळी असते कारण घाण आपोआप खाली पडते, झाडायला माणूस लागत नाही. घरी आणल्यावर पाण्याचं भांडं समोर ठेवलं. तिनं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपार गेली, संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरातून बारीक आवाज यायला लागला म्हणून गेले, तर ती खालच्या कपाटाची स्टीलची गोल मूठ चाटत होती. चाटायची, थांबायची, पुन्हा चाटायची. मला उलगडा व्हायला चांगली दहा मिनिटं लागली. पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी टांगलेली असते, तिच्या नळीच्या टोकाला स्टीलची गोळी असते, ती जिभेनं दाबली की थेंब येतो. भांड्यातलं पाणी तिनं कधी बघितलंच नव्हतं. पाणी म्हणजे स्टील, इतकंच तिला ठाऊक होतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग बरं केलंत की! तिच्यापुरतं बरंच केलं, त्यात मला शंका नाही. घोळ पुढे आहे.

चार महिन्यांनी मी त्याच माणसाकडे पुन्हा गेले. तिच्या लसींचे काही कागद मिळतात का बघायचं होतं. अर्थातच नव्हते. तिच्या पिंजऱ्यात एक कोवळी मादी बसली होती, नुकतीच पहिल्यांदा माजावर येऊन गेलेली. आणि तो माणूस अगदी सहज, नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा म्हणाला, 'तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा, अजून दोन भाकड आहेत.'

भाकड हा गुरांचा शब्द. तिथला सगळा हिशेबही गुरांचाच असतो, तो नीट समजून घ्या. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते. म्हणजे ज्याला तिच्या तब्येतीशी देणंघेणं नाही त्याला वर्षाला जवळजवळ दोन वेतं काढता येतात. काही वर्षांनी वेत लहान व्हायला लागतं, पिल्लं दगावतात, आणि मादी जमेच्या बाजूवरून खर्चाच्या बाजूला जाते. आता ती म्हणजे नुसतं एक खाणारं तोंड, आणि अडवलेला पिंजरा. या धंद्यात मालकाला नकोशी होणारी गोष्ट कुठली, तर ही म्हातारी मादी. नेमकी तीच मी पैसे मोजून त्याच्या अंगावरून उतरवली. रक्कम किरकोळ होती हे खरं. पण जिथं शून्य होतं तिथं किरकोळ आलं. मोडीत काढायच्या मशीनला भंगाराचा भाव मिळाला की नवी मशीन तेवढी स्वस्त पडते. तो भाव मी मिळवून दिला.

हेच मोठ्या प्रमाणावर कसं होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथं मिसुरी राज्यात ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांचे रीतसर लिलाव चालायचे. २०१८ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'नं त्यांचे व्यवहार खणून काढले. २००९ पासून ८६ प्राणिसंस्था आणि शेल्टर (बेवारस प्राण्यांचे निवारे) यांच्याशी संबंधित लोकांनी त्या लिलावांतून ५,७६१ कुत्रे विकत घेतले होते, आणि त्यासाठी मोजले होते २६ लाख ८० हजार डॉलर. हा पैसा बहुतेक देणगीदारांचा, ज्यांना वाटत होतं की आपण पपी मिलविरुद्ध लढतोय. लिलावात बोली कशी चढते ते सांगायला नको. एका बाजूला प्रजननासाठी मादी हवी असलेला, दुसऱ्या बाजूला तिला त्यातून सोडवू पाहणारा, आणि दोघांच्या चढाओढीतला फायदा विकणाऱ्याच्या खिशात.

माणसांच्या बाबतीतही हा वाद होऊन गेलाय. १९९० च्या दशकात सुदानच्या यादवीत पळवून गुलाम केलेल्या लोकांना काही पाश्चात्त्य धर्मादाय संस्था पैसे भरून सोडवत होत्या, आणि युनिसेफनं त्यावर उघड आक्षेप घेतला होता. सोडवणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नव्हतं, सुटलेलं माणूस खरोखर घरी जात होतं. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर जो विचार केला त्याचा मथितार्थ मला पटतो: पळवणाऱ्याला नवं माणूस आणणं जितकं सोपं, तितका तुमचा पैसा नव्या अपहरणाला लागतो. कुत्र्यांच्या बाबतीत तर पळवायलाही जावं लागत नाही. पुढची मादी शेजारच्याच पिंजऱ्यात जन्मलेली असते.

यावर घरातूनच मला विचारलं गेलं, 'मग ती तिथंच मेली असती तर चाललं असतं का?' याचं चोख उत्तर माझ्याकडे आजही नाही. नसतं चाललं. त्या दिवशी माझ्यासमोर एकच जीव होता आणि त्याच्या बदल्यात येणारी दुसरी मादी मला दिसत नव्हती. चार महिन्यांनी ती दिसली, एवढाच फरक. तिच्याकडे बघून मी निघून आले. तिला सोडवायला पैसे काढले नाहीत, आणि त्या रात्री झोपही लागली नाही. त्याच आठवड्यात तक्रार केली. जी पहिल्याच भेटीनंतर करायला हवी होती.

एका अटीवर पैसे द्यायला माझी ना नाही. मादीबरोबर पिंजराही जायला हवा. म्हणजे मालक म्हातारा झालाय, धंदा गुंडाळायचाय, सगळी जनावरं एकदम देतो, परवाना परत करतो आणि पुन्हा प्रजनन करणार नाही असं लिहून देतो, तर एखाद्या संस्थेनं मध्ये पडून व्यवहार करावा. तिथं पैसा धंदा बंद व्हायला लागतो. आणि पिल्लू 'वाचवायला' विकत घेणं हा तर प्रश्नच सोडून द्या. ती साधी विक्री आहे. घेणाऱ्याला दया आली होती की त्याला फक्त गोंडस पिल्लू हवं होतं, हे मालकाच्या वहीत कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

आता रात्री उचलून आणण्याबद्दल. इटलीत ब्रेशाजवळ 'ग्रीन हिल' नावाचं केंद्र होतं. पपी मिल नव्हे, प्रयोगशाळांसाठी बीगल जातीचे कुत्रे पैदा करणारं. एप्रिल २०१२ मध्ये भरदिवसा आंदोलक कुंपणावरून आत चढले आणि काही डझन बीगल हातोहात बाहेर काढले. कुंपणावरून पिल्लू खाली देतानाची छायाचित्रं जगभर गेली. त्याच उन्हाळ्यात न्यायालयीन कारवाईत तिथले अडीच हजारांहून जास्त बीगल जप्त होऊन घरोघरी गेले, आणि २०१५ मध्ये केंद्राच्या जबाबदार लोकांना प्राण्यांवरील क्रौर्यासाठी शिक्षा झाल्या. कुंपण ओलांडणाऱ्यांमुळे लोकांचं लक्ष तिकडे वळलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते उघडपणे, कॅमेऱ्यासमोर, अटकेची तयारी ठेवून गेले होते. तुम्ही जे म्हणताय ते अंधारात एकच मादी उचलणं. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असेल तर पहिल्याच व्हेटकडे अडकाल. आणि जिच्या अंगावर सगळा पुरावा लिहिलाय तीच तिथून नाहीशी होईल. उद्या कुणी तपासायला आलं तर मालक म्हणेल, अशी कुत्री माझ्याकडे नव्हतीच, उलट माझ्याकडे चोरी झाली आहे.

तक्रार करताना नुसतं 'हाल होतात' लिहून भागत नाही, कारण बरेचसे हाल कायद्यात बसतात. अमेरिकेच्या संघीय नियमांत पिंजऱ्याचं किमान माप कसं ठरतं बघा: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत कुत्र्याची लांबी मोजायची, त्यात ६ इंच मिळवायचे, त्याचा वर्ग करायचा, तेवढं तळाचं क्षेत्रफळ. उंची डोक्यावर ६ इंच. जेमतेम वळता येईल इतकंच. त्यामुळे 'माझ्याकडे परवाना आहे' हे वाक्य ऐकून दबूही नका आणि निश्चिंतही होऊ नका. तुमच्याकडचे नियम आधी वाचा, मग नेमकं कलम मोडतंय ते दाखवा: पाणी नाही, जखम उपचाराविना आहे, वयाच्या आधी पिल्लू विकलं. फोटोत तारीख, जाळीचा तळ आणि पाण्याची बाटली येऊ द्या. बाटली कोरडी किंवा शेवाळलेली असेल तर ती एकटीच बरंच बोलते.

कायदा बदलायला एखादी मादी कामी येऊ शकते, याचं उदाहरण ल्युसी. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची ही कुत्री २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पपी फार्मातून सुटली तेव्हा पिंजऱ्यात राहून तिचा कणा वाकलेला होता. ती २०१६ मध्ये गेली. तिच्या नावानं ओळखला जाणारा नियम इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला: सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदार किंवा दलालानं विकायचं नाही, आणि ब्रीडरनं ते आईसोबत दाखवायचं. तुम्ही 'आई कुठे आहे?' विचारलंत ना, तोच प्रश्न तिथं कायद्यात गेला. पळवाटा तरीही निघतात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून दुकानांना फक्त शेल्टर आणि रेस्क्यू संस्थांचे कुत्रे विकायची मुभा उरली, तर कागदावरच्या 'रेस्क्यू' संस्था उगवल्या आणि मिलमधलीच पिल्लं त्यांच्या नावानं दुकानात यायला लागली. शेवटी २०२१ पासून दुकानातली विक्रीच बंद करावी लागली. तेव्हा कुणी 'रेस्क्यू केलेलं' आठ आठवड्यांचं, एका विशिष्ट जातीचं, मागाल त्या रंगाचं पिल्लू देऊ करत असेल तर आधी पाऊल मागे घ्या.

समजा, मालकानं ती फुकट दिलीच. मग घरी नेण्याआधी व्हेटकडे, आणि ब्रुसेला कॅनिसची तपासणी करून घ्याच. प्रजननाच्या कुत्र्यांमध्ये तो जंतू आढळतो, माणसाला होऊ शकतो, आणि अँटिबायोटिकनं पुरता जाईलच असं नाही. मग नसबंदी, सडांमध्ये गाठी आहेत का ते बघणं, दात. माझ्या मादीचे एका बैठकीत अकरा काढले.

स्वभावाबद्दल एक चांगली आणि एक वाईट बातमी आहे. पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. तो पिंजऱ्यात गेला की नंतर पूर्ण भरून निघत नाही. २०११ मध्ये मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी मिलमधून सुटलेल्या १,१६९ प्रजननाच्या कुत्र्यांचा अभ्यास छापला. साध्या पाळीव कुत्र्यांपेक्षा त्यांच्यात भीती खूप जास्त, घरात घाण करणं जास्त, एकटक शून्यात बघत बसणंही जास्त. पण अनोळखी माणसावर धावून जाणं मात्र कमी. माझा अनुभव तंतोतंत हाच. ती कधी कुणावर गुरगुरली नाही. दारावर टकटक झाली की मात्र भिंतीला तोंड लावून उभी राहायची, कुणी दिसलं नाही म्हणजे आपणही दिसत नाही असं वाटत असावं. तिला जिना शिकवायला तीन महिने लागले. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं शिकवला, मी नाही. घरात दुसरा शांत कुत्रा असेल तर अर्धं काम तो करतो.

पहिले काही महिने दाराशी दोन पट्टे लावा, एक गळ्यात आणि एक हार्नेसला. हे कुत्रे पळाले की हाकेला परत येत नाहीत, कारण हाक म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसतं. डोळ्यांत बघू नका, वरून हात नेऊ नका, जमिनीवर पाठ करून बसा आणि तुमचं काहीतरी वाचत राहा. आणि आणायला जाल त्या दिवशी नवं भांडं घेण्याआधी उलटी टांगायची एक बाटली घ्या, स्टीलच्या गोळीची. पहिले तीन-चार दिवस तीच लागेल. मग बाटली रोज थोडी खाली आणत भांड्याच्या काठाशी टेकवायची.