दुपारीच ब्लू स्क्रीन येतो, रॅमचं व्होल्टेज वाढवू का?

तुमचा सेटअप असा: रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारे क्लॉक) च्या ८ जीबीच्या दोन रॅम स्टिक. त्यांचा वेग ३६०० वर नेला आणि व्हिडिओ बघून टीआरएफसी (रॅमचं एक टायमिंग, क्लॉकमध्ये मोजतात) ४८० केला. रात्री मेमटेस्ट (रॅमची चाचणी) पास, पण अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी गेम खेळताना ब्लू स्क्रीन. आता १.३५ चं व्होल्टेज १.४५ करायचा विचार आहे.

करू नका. आधी तो टीआरएफसी वाढवा.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो सतत गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत बिटांची प्रत्येक रो (ओळ) रिफ्रेश, म्हणजे पुन्हा चार्ज, करावी लागते. स्टिक तापली की गळती वाढते. एका रिफ्रेशला किती वेळ मिळणार हे टीआरएफसी ठरवतो. ८ गिगाबिटच्या चिपला स्टँडर्डप्रमाणे ३५० नॅनोसेकंद लागतात. ३६०० ला खरं क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३५० गुणिले १.८, झाले ६३० क्लॉक. तुमच्या ४८० चे होतात जेमतेम २६७ नॅनोसेकंद. सॅमसंगच्या बी-डाय चिपचं १६० नॅनोसेकंदांतही भागतं, पण आपल्या चिप कोणत्या हे न बघता दुसऱ्याचा आकडा उचलायचा नसतो. थायफून बर्नर या रॅमची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. चिप १६ गिगाबिटच्या निघाल्या तर ५५० नॅनोसेकंद धरा, म्हणजे ९९०.

रात्री पास का झालं? मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंडच असतं. गेममध्ये त्याच कार्डाची गरम हवा वर रॅमपर्यंत जाते, त्यात खोलीच ४० अंशांची. व्होल्टेज वाढवलंत तर स्टिक आणखी तापणार.

आता टीआरएफसी ६३०, व्होल्टेज १.३५, एफसीएलके (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचं क्लॉक) १८००, स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास घ्या, कारण चुकणाऱ्या रॅमवर विंडोज चालू केलं तर सिस्टिम फाइल्स खराब होऊ शकतात. मग भर दुपारी, खोलीतला पंखा बंद ठेवून, विंडोजमधून रॅम तपासणाऱ्या टेस्टमेम५ मध्ये अँटा७७७ चं एक्स्ट्रीम प्रोफाइल लावा आणि सोबत फरमार्क या सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्ड तापवा. तीन सायकल. एक एरर आली तरी नापास. तेव्हा कॅबिनेटची बाजू उघडून १२० मिलिमीटरचा पंखा थेट स्टिकवर धरून तीच टेस्ट पुन्हा घ्या. एरर गेली तर दोष उष्णतेचा. तरीही आली तर ३४६६ वर या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया १९ (हार्डवेअर एररची नोंद) दिसत असेल तर तो बहुतेक इन्फिनिटी फॅब्रिकचा दोष, रॅमचा नाही. तिथे एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१ च्या आसपास ठेवून बघा.

“चार तास गेम चालला म्हणजे रॅम स्टेबल” हे मला अजिबात मान्य नाही, कोणीही कितीही ठासून सांगो. गेममध्ये एक बिट उलटला तर एखाद्या भिंतीचा रंग चुकेल, कळणारही नाही. तोच बिट झिप फाइल बनवताना उलटला तर सहा महिन्यांनी ती उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याची सूचना) येऊ शकते, आणि तोवर मूळ फोटो डिलीट झालेले असतात. ब्लू स्क्रीन निदान दिसतो तरी, हे दिसतच नाही. या पीसीवर कोणाचे हिशेब किंवा लग्नाचे फोटो असतील तर एक्सएमपी (रॅम कंपनीने दिलेली तयार सेटिंग) लावून ३२०० वरच राहा. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींची लेटन्सी १० नॅनोसेकंदच येते.

आणि हो, सुरू करण्याआधी बॅकअप घ्या. पोस्टच होत नसेल, म्हणजे पीसी सुरूच होत नसेल, तर पॉवरची वायर काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. डीडीआर५ ला यातले आकडे लावू नका. तिथे मूळ व्होल्टेजच १.१ आहे, आणि रायझेन ७००० ला एसओसी १.३ च्या वर नेऊ नका, ती मर्यादा एएमडीनेच २०२३ मध्ये घातली आहे.